दोन बोटं टेबलावर

बॉस्टनच्या चायनाटाउनमध्ये शिरलं की सगळ्यात आधी सत्तुराचा आवाज यायचा. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या काचेमागे भाजलेली बदकं मानेनं टांगलेली असायची, आणि त्यांच्याखाली एक माणूस लाकडाच्या ओंडक्यावर एकेक बदक आडवं घालून तोडत असायचा. खाड, खाड, खाड. हाडासकट. त्याचं लक्ष भलतीकडेच, तोंडानं कोणाशी तरी गप्पा, हात आपला चालूच. पहिल्या वेळेला मी तोंड फिरवून पुढे गेले होते. नंतर नंतर मी काचेला नाक लावून बघत उभी राहायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट सांगतेय. आम्ही बॉस्टनपासून तासाभरावर, श्रूजबरीला राहायचो. आमच्या ह्यांच्या ऑफिसात एक हाँगकाँगचा इंजिनियर होता, तो आम्हाला महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी सकाळी तिथल्या हॉटेलात न्यायचा. डिम सम म्हणतात त्याला. चहा प्यायचा आणि चहाबरोबर लहान लहान वाफवलेलं, तळलेलं खायचं, दुपार होईपर्यंत. बरोबर त्याची आई असायची. तिला इंग्रजी एक अक्षर येत नव्हतं. आम्ही तिला आजी म्हणायचो, ती आम्हाला काय म्हणायची कोण जाणे.

आमच्याकडून आम्ही चौघं. मी, हे, माझे धाकटे दीर आणि माझी जाऊ.

हॉटेलातलं सांगण्याआधी घरातलं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही उमगणार नाही.

ह्यांनी भावाला इकडे बोलावून घेतलं होतं. दीर आणि जाऊ आमच्याच तळघरात राहायचे. तळघर म्हणजे अंधारकोठडी नव्हे हं, खाली कार्पेट, मोरी, वेगळा स्टोव्ह, सगळं होतं. तर इथल्या घरांना जमिनीत जाळ्या असतात. तळघरातल्या भट्टीतली गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून वर येते आणि त्या जाळ्यांतून खोल्यांत पसरते. हवेबरोबर आवाजही येतो, हे घर दाखवणाऱ्या बाईनं सांगितलं नव्हतं. माझ्या ओट्याच्या पायाशीच एक जाळी होती.

आधी भाऊजींचा आवाज यायचा. खालच्या पट्टीत, लहान मुलाला समजवावं तसा. मग काहीतरी सरकल्याचा आवाज. मग चापट. चापटीचा आवाज पत्र्यातून वर येताना बारीक होतो, लांब कोणीतरी एकच टाळी वाजवावी तसा. त्यानंतर मुका मार असायचा, त्याला तर काही आवाजच नसतो, फक्त तिचा श्वास ऐकू यायचा.

मी लाटणं घ्यायची आणि जाळीवर ठोकायची. खाली एकदम चिडीचूप. मग मी जिना उतरून दार वाजवायची, तर भाऊजी हसतमुखानं दार उघडायचे. "या वहिनी, काय झालं? वर काही पडलं का?" ती मागे सिंकशी पाठमोरी. "काही नाही ताई, माझ्या हातून डबा पडला." डब्याला बिचाऱ्याला किती वेळा पाडलं असेल तिनं. एकदा तिच्या डोळ्याखाली काळंनिळं होतं, तर म्हणाली कपाटाचं दार लागलं. मी म्हटलं, चल वर माझ्याकडे राहायला. ती म्हणाली, "ताई, वर म्हणजे कुठं? जिनाच तर आहे मध्ये."

ह्यांना सांगितलं की हे म्हणायचे, बोलतो मी त्याच्याशी. बोलायचेही. बोलून वर आले की टीव्हीचा आवाज वाढवायचे.

आणि बाहेर? मंडळाच्या गणपतीत आरतीला भाऊजींसारखा आवाज नव्हता कोणाचा. काकू, मावशी करत सगळ्यांच्या ताटांत वाढायचे. बायका मला म्हणायच्या, काय गं तुझ्या जावेचं नशीब, किती हौशी नवरा. बघा, मीसुद्धा अजून त्यांना 'ते'च लिहितेय. जिभेला वळण लागलेलं असतं, काय करणार.

तर हॉटेल. अरुंद जिना चढून वर गेलं की नंबर मिळायचा. मग जिन्यावरच गर्दीत उभं राहायचं. माइकवरून एक बाई नंबर पुकारायची, आधी त्यांच्या भाषेत, मग इंग्रजीत, दोन्ही सारखंच कळायचं. आत लग्नाच्या हॉलएवढी खोली, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन, गोल टेबलं, आणि टेबलांच्या मधून बायका ढकलगाड्या घेऊन ओरडत फिरायच्या. गाडीवर बांबूच्या टोपल्यांच्या चळती. झाकण उघडलं की वाफ तोंडावर. कोळंबीचे मोदक असायचे, इतके पातळ की आतली गुलाबी कोळंबी दिसायची, आणि कळ्या माझ्यापेक्षा सुबक. मुळ्याची वडी असायची, पण तिच्यात डुकराचं सॉसेज. आम्ही मासे, कोंबडी खाणारे, तेवढंच. आजीला ते एकदाच सांगितलं होतं लेकाकरवी, तेव्हापासून गाडी आली की ती आधी हात आडवा घालायची आणि वास घेऊन ठरवायची आमच्या टेबलावर काय येणार ते. कोंबडीचे पाय मात्र तिनं मला खायला लावलेच. नखांसकट.

माझी जाऊ आजीच्या शेजारी बसायची. हिला इंग्रजी बेताचं, तिला अजिबात नाही, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. आजीनं तिला तिथल्या रीती शिकवल्या. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवायचं, वेटर येऊन उकळतं पाणी घालून जातो, हाक मारावी लागत नाही. आणि कोणी आपल्या कपात चहा ओतला की तोंडानं थँक यू म्हणायचं नाही, दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायचं. हाँगकाँगवाल्यानं सांगितलं, कोणे एके काळी राजा वेष बदलून फिरत होता, त्यानं आपल्या नोकराला चहा ओतून दिला, आता राजाला सगळ्यांदेखत दंडवत कसा घालायचा, म्हणून नोकरानं बोटांचे गुडघे टेकवले. जावेला ते इतकं आवडलं. आभार मानायचे आणि बोलायचं नाही, तिच्यासाठीच केल्यासारखी रीत. चहा ओतायचं काम हाँगकाँगवाल्याचं, कारण यजमानांत तो धाकटा. तो ओतायचा, ती टकटक करायची, आजी मान डोलवायची, आणि ती हसायची. तिचं हसू मी त्या टेबलावरच पाहिलंय.

भाऊजींनीही पाहिलं. परका पुरुष आपल्या बायकोच्या कपात चहा ओततो आणि ती खाली मान घालून त्याला बोटांनी खूण करते, एवढंच त्यांना दिसलं. राजाची गोष्ट त्यांनी ऐकली होती. म्हणाले, गोष्टी काय, कोणीही रचतं. त्या रविवारी घरी आल्यावर जाळीतून आवाज आला, "काय ठोकत होतीस? काय सांगत होतीस त्याला?" मग सरकल्याचा आवाज. मी लाटणं इतकं आपटलं की जाळीचा एक दांडा वाकला.

पुढच्या वेळी आजीचा वाढदिवस होता. नाही म्हणायची सोय नव्हती, न जावं तर लोक कारण विचारणार, आणि लोकांनी कारण विचारलेलं भाऊजींना चालायचं नाही. गाडी हे चालवत होते, मी पुढे, ती दोघं मागे. पाइकवर, म्हणजे बॉस्टनच्या हायवेवर, गाडी लागली आणि मागून भाऊजींचा तो खालच्या पट्टीतला आवाज आला.

"आज टेबलावर बोटं दिसली, तर मोडीन."

हे "अरे" म्हणाले आणि त्यांनी लेन बदलली. मी मागे वळले. ती मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होती.

मी म्हटलं, "भाऊजी, ती तिथली रीत आहे. मीसुद्धा ठोकते."

"तुम्ही ठोका ना, वहिनी," ते हसून म्हणाले. "तुमच्याकडे कोण बघतंय?"

त्या दिवशी काचेमागे तो माणूस बदकं तोडतच होता. जाऊ तिथं क्षणभर थांबली. भाऊजींनी तिला कोपराला धरून पुढे नेलं.

टेबलावर नेहमीसारखेच बसलो. आजी, तिच्याशेजारी जाऊ, तिच्या पलीकडे भाऊजी. माझ्यासमोर किटली. आजीसाठी लांब नूडल्स मागवले होते, वाढदिवसाला ते तोडायचे नाहीत म्हणे, आयुष्य तुटतं. हाँगकाँगवाल्यानं चहा ओतला. आधी आईला, मग ह्यांना, मला. मी मुद्दाम जोरात ठोकलं. मग जावेला. तिचे हात टेबलाखाली. तिनं नुसती मान लववली.

आजीनं तिच्याकडे पाहिलं.  वाफेच्या टोपल्या आल्या, गेल्या. दुसऱ्यांदा चहा ओतला, किटली रिकामी झाली, मी झाकण तिरकं केलं आणि वेटर उकळतं पाणी घालून गेला. हात टेबलाखालीच. आता आजीला वाटलं ही विसरली. तिनं स्वतःच टेबलावर टकटक करून दाखवलं, पोराला धडा विसरल्यावर आठवण करून द्यावी तशी. जाऊ हसली, पण हात वर आले नाहीत. भाऊजी कोळंबीचा मोदक तोंडात टाकून मजेत चावत होते.

मग आजीनं काय करावं? तिनं टेबलाखाली हात घातला, जावेचा उजवा हात धरून वर आणला आणि टेबलावर ठेवला. तेवढ्यात स्वेटरची बाही मागे सरकली. मनगटाभोवती काळीनिळी पट्टी होती, अंगठ्याची खूण अगदी स्पष्ट, कणकेत उमटावी तशी. आजीनं ती पाहिली. मग भाऊजींकडे पाहिलं. बाही हळूच खाली ओढून नीट केली आणि आपल्या लेकाला एकच शब्द बोलली. तो किटली घेऊन उठला आणि त्यानं जावेचा भरलेलाच कप आणखी भरला.

मला वाटलं, हात काढ बाई. काढ आता.

तिनं कपाकडे नाही, हाँगकाँगवाल्याकडे नाही, सरळ नवऱ्याकडे पाहिलं. आणि ठोकलं. दोन बोटं, एकदम, टक टक.

भाऊजींनी हसत हसतच तिचा हात हातात घेतला. शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं असेल, काय प्रेम आहे. मग त्यांनी तिची करंगळी आणि तिच्याजवळचं बोट मुठीत बाजूला घेतलं, ठोकणारं मधलं बोट मोकळं केलं आणि उलटं वळवलं. मोडल्याचा आवाज फार मोठा नव्हता. कोळंबीचं डोकं काढताना येतो ना, तेवढाच. तिनं ओरडायला तोंड उघडलं पण श्वासच आला नाही. आणि भाऊजींनी दुसरं बोट धरलं. म्हणजे जेवढी ठोकली तेवढी मोडायची होती.

लाटणं नव्हतं. किटली हाँगकाँगवाल्यानं परत माझ्यासमोर ठेवली होती, वेटरनं घातलेलं पाणी अजून वाफाळत होतं. मी ती उचलली आणि भाऊजींच्या मनगटावर ओतली. चुकून नाही.  तिच्या हातावर थेंब उडू नये इतक्या बेतानं, नेम धरून ओतली, रिकामी होईपर्यंत.

जे ओरडले ते! हात सुटला. उठताना त्यांनी टेबलच उचललं, मधली फिरती काच घरंगळली, बशा, टोपल्या, आजीचे नूडल्स, सगळं जमिनीवर. हाँगकाँगवाला मध्ये आला तर त्याच्या तोंडावर असा ठोसा बसला की पांढऱ्या टेबलक्लॉथवर रक्ताची पिचकारी उडाली. मग भाऊजी माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'वहिनी' गेलं आणि 'तू' आलं.

"तुला बघतो, थेरडे," म्हणाले, आणि खुर्ची उचलली.

मी तेव्हा चाळिशीची पण नव्हते. असो.

खुर्ची माझ्या खांद्याला चाटून भिंतीवर आपटली, एका ड्रॅगनचा पंजा निघाला. दुसरी उचलतायत तोवर ह्यांनी मागून भावाला मिठी मारली. धरलं, घट्ट. ज्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरले त्याला. भाऊजींनी कोपर मागे हाणलं, ह्यांचा चष्मा फुटला, भुवई फाटली, पण ह्यांनी सोडलं नाही. दोघं तसेच सांडलेल्या चहात घसरून पडले. वेटर धावले, कोणी पायांवर बसलं, कोणी हातावर. भाऊजी चावत होते, थुंकत होते, मराठीत आणि इंग्रजीत शिव्या देत होते. आणि मग आतून स्वयंपाकी आला. हातातलं काम टाकून तसाच आलेला. त्यानं काही केलं नाही, नुसता उभा राहिला, सत्तूर खाली धरलेला आणि त्याच्या टोकावरून चरबी गळतेय. भाऊजींनी ते पाहिलं आणि गप्प झाले. इतकी वर्षं मला वाटायचं हा राग आहे, रागाला कुठं डोळे असतात. डोळे होते. कोणासमोर थांबायचं ते नीट कळत होतं.

माइकवरून नंबर पुकारणं मात्र चालूच होतं.

आजीनं एवढ्या पसाऱ्यात जावेला भिंतीकडेच्या खुर्चीवर बसवलं. एक चॉपस्टिक घेतली, कटकन अर्धी मोडली, मोडलेल्या बोटाला लावली आणि नॅपकिनची पट्टी फाडून गुंडाळली. गुंडाळताना तोंडानं सारखं काहीतरी म्हणत होती. जाऊ पांढरीफटक पडली होती, पण आजीच्या तोंडाकडे बघत होती, सगळं कळत असल्यासारखी.

मॅनेजरनं बोलावलेले दोन पोलीस आले. भाऊजींनी तोवर केस सारखे केले होते. इंग्रजी त्यांचं आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं. म्हणाले, गरम चहा सांडला, गोंधळ झाला, हिच्या हाताला हिसका बसला, फॅमिली मॅटर आहे, आम्ही घरी जातो. भाजलेलं मनगटही दाखवलं. मग ह्यांच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "दादा, सांग त्यांना. आईची शपथ आहे तुला."

हे जमिनीवर बसून चष्म्याची काच शोधत होते. भुवईतलं रक्त शर्टावर.  मला कळत होतं, हे आता तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतील आणि आम्ही चौघं त्याच गाडीत बसून त्याच घरी जाऊ, आणि आज संध्याकाळी जाळीतून जे येईल त्याला लाटणं पुरणार नाही. मी पोलिसाला सांगायला लागले तर तो म्हणाला, मॅडम, तुम्ही थांबा, तुम्ही चहा ओतलात ना?

तेव्हा जाऊ बोलली. मराठीत, कोणाकडेही न बघता.

"मी ह्यांच्याबरोबर घरी येणार नाही."

पोलिसानं विचारलं, काय म्हणाली ती? आणि विचारलं ते ह्यांना, कारण जवळ तेच होते.

हे उठून उभे राहिले. फुटका चष्मा खिशात ठेवला. भावाकडे पाहिलं नाही. इंग्रजीत, शाळेत उत्तर द्यावं तसं एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ती म्हणतेय, ह्यानं तिचं बोट मोडलं. आज पहिल्यांदा मारलेलं नाही. माझ्याच घरात मारतो, रोज ऐकू येतं. ती ह्याच्याबरोबर घरी जाणार नाही."

ती एवढंसंच बोलली होती. बाकीचं ह्यांनी भाषांतरात घातलं. भाऊजींना ते कळलं, मलाही कळलं. भाऊजी अंगावर धावले, दोन्ही पोलिसांनी त्यांना टेबलावर पालथं घातलं, हातकड्या घातल्या आणि त्याच अरुंद जिन्यानं, नंबर हातात धरून उभ्या असलेल्या लोकांमधून, खाली नेलं. दादा, दादा ओरडत होते. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

हॉस्पिटलात डॉक्टरनं पट्टी सोडली, चॉपस्टिक पाहिली, आणि कोणी बांधलं विचारलं. तिनं आजीकडे बोट दाखवलं, डाव्या हाताचं. हाँगकाँगवाला तिथंच ओठाला टाके घालून बसला होता.

भाऊजी परत तळघरात आले नाहीत. कोर्टानं येऊ दिलं नाही, आणि पुढं ते कुठल्याशा लांबच्या राज्यात गेले. मंडळात मात्र मी किटलीवाली झाले. घरातलं पोलिसांत नेलं म्हणून काही घरांनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. आईची शपथ मोडली म्हणून ह्यांना गावाकडून फोन आले, ह्यांनी ते उभ्यानं ऐकून घेतले. त्यानंतर आमच्या घरी टीव्ही कधी मोठ्यानं लागला नाही.

जाऊ तळघर सोडून वर आली. जिनाच तर होता मध्ये, पण चढायला एवढं लागलं. वाकलेल्या जाळीतून नुसती गरम हवा यायची, आणि तरी माझा हात कणीक मळता मळता लाटण्याकडे जायचा.

ती पुढं शिकली, नोकरीला लागली, वेगळी राहते. रविवारी माझ्याकडे येते. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी चहा ओतला की ही टेबलावर ठोकतेच. ते बोट नीट जुळलं नाही, वाकडंच राहिलं. त्यामुळे दोन बोटं एकदम टेकत नाहीत. आधी एक वाजतं, मग जरा वेळानं दुसरं. ते दुसरं वाजेपर्यंत मी किटली खाली ठेवत नाही.